घरचे भूत : दूरचित्रवाणीवरील भयमालिका आणि वाड्याचा हिशेब

१

मराठी समीक्षेने भूतकथेची दखल फारशी घेतलेली नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेची तर जवळजवळ नाहीच. भूतकथा ही मुलांची किंवा रेल्वे-प्रवासाची गोष्ट आणि मालिका ही स्वयंपाकघरातली करमणूक, असा एक अलिखित निवाडा आपण केव्हाच देऊन टाकला आहे. त्यामुळे या दोहोंच्या संयोगातून जन्मलेल्या भयमालिकेविषयी जी चर्चा झाली, ती दोनच प्रश्नांभोवती फिरली. भूत दाखवावे की नाही? आणि भूत दाखवल्याने अंधश्रद्धा वाढते की नाही? दोन्ही प्रश्न समाजहिताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. परंतु ते कथनाचे प्रश्न नाहीत. हे भूत कोणाचे, ते कोणाकडे काय मागते, आणि ते मागणे कथेच्या शेवटी पुरे होते की बुडते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज भयकथेचे मूल्यमापन होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. या लेखात 'रात्रीस खेळ चाले' या झी मराठी वाहिनीवरील मालिकेच्या तीन पर्वांचा (२०१६, २०१९–२०, २०२१–२२) या प्रश्नांच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे.

विचाराला आरंभ करताना नागपुरात बसलेल्या वाचकाला एक साम्य चटकन जाणवते. घरातला कर्ता पुरुष नुकताच गेला आहे. मुंबईत स्थायिक झालेला मुलगा बायकोसह गावच्या जुन्या घरी परततो. दिवसकार्याच्या निमित्ताने सगळे एका छपराखाली येतात आणि खर्च, जमीन, दागिने, जुने अपमान यांची मोजदाद सुरू होते. ही 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वाची मांडणी आहे. आणि ती महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चीही (१९८५) आहे. एक घर कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत चित्रित झालेले नाईकांचे, दुसरे विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचे. एकात भूत आहे, दुसऱ्यात नाही. हा फरक वरवर दिसतो तेवढा मोठा आहे का, हे तपासणे उद्बोधक ठरेल.

२

आपल्याकडे भूत ही एकजिनसी कल्पना कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत भुतांचे दोन मुख्य वर्ग नोंदवलेले आहेत : घरचे भूत आणि बाहेरचे भूत. बाहेरचे भूत वाटेवर, पाणवठ्यावर, पिंपळावर भेटते आणि कोणालाही धरते. घरचे भूत मात्र आपल्या कुळाबाहेर जात नाही. इच्छा अपुरी ठेवून गेलेला तो घरातलाच माणूस असतो, आणि त्याचा त्रास त्याच्या घरच्यांपुरता असतो.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने ठिकठिकाणच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवून लोकसमजुतींचे मोठे साहित्य जमवले होते. १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात त्याची हत्या झाल्यावर आर. ई. एन्थोवेन याने ते संपादित केले. त्यातला कोकणविषयक खंड १९१५ चा. त्यातली भुतांची जंत्री पाहिली तर ती भयाच्या जंत्रीपेक्षा मोडलेल्या व्यवहारांची यादी वाटते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे गरोदरपणी वा बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे वारसाविना गेलेला लोभी माणूस, जो आपली मालमत्ता दुसऱ्या कोणाला उपभोगू देत नाही. प्रत्येक भुताच्या मुळाशी एक देणे आहे. संस्कार राहिला, संतती राहिली, वाटणी राहिली. भूत म्हणजे खात्यावर उरलेली बाकी, ही लोकमानसाची व्याख्या म्हणता येईल. म्हणूनच भुताला हाकलण्यापूर्वी 'तुला काय पाहिजे' असे विचारण्याची रीत आहे. लोककथेचा सगळा घाट या एका प्रश्नावर उभा असतो.

युरोपातील गॉथिक कादंबरीही मुळात याच हिशेबाची कथा आहे. होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'त (१७६४) किल्ल्याचा आजचा धनी हा अन्यायाने बळकावलेल्या मालमत्तेचा वारस आहे, आणि पूर्वजांचे पाप वंशजांच्या डोक्यावर अक्षरशः कोसळते. सरंजामी सत्ता प्रत्यक्षात क्षीण होत असताना तिचे किल्ले कथेत भुतांनी भरून जावेत, यात इतिहासाची एक संगती आहे. आपल्याकडेही तीच संगती दिसते. १९४८ चा मुंबई कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा यांनी जमीनदार घरांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. घर उरले, रुबाब उरला, पण त्यांना पोसणारी व्यवस्था गेली. मराठीतला 'वाडा' हा भयाचा किंवा शोकाचा अवकाश झाला तो यानंतर. कसणाऱ्यांनी भरलेल्या वाड्यात भुताला जागा नव्हती. ओसाड पडत चाललेल्या वाड्यात ती झाली.

३

छापील मराठी भयकथेने हा वारसा दोन दिशांनी नेला. नारायण धारपांनी (१९२५–२००८) भय बाहेरून आणले. त्यांच्या कथांत मानवी व्यवहाराच्या पलीकडची एक अनादि, दुष्ट शक्ती असते आणि तिच्याशी झुंजायला समर्थांसारखा अधिकारी पुरुष लागतो. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) 'गूढकथा' ही संज्ञा जाणीवपूर्वक वापरली आणि भय माणसाच्या मनात, विशेषतः मध्यमवर्गीय घराच्या बंद खोलीत शोधले. लोकपरंपरेच्या भाषेत बोलायचे तर धारप हे बाहेरच्या भुताचे लेखक आणि मतकरी घरच्या भुताचे. दोघांच्याही यशाचे एक रहस्य म्हणजे कथेचा आटोपशीर आकार. शेवटच्या परिच्छेदात सगळा तोल बदलतो, आणि वाचकाला मागे वळून पाहायला लावून कथा थांबते.

फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव याने १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली ती येथे उपयुक्त आहे. घडले ते खरोखर अतिमानवी होते, की त्याला काही लौकिक कारण होते, या दोहोंमध्ये वाचक दोलायमान राहतो तोवरच अद्भुत टिकते. निर्णय झाला की कथा एका वा दुसऱ्या बाजूला कलते. लघुकथेला ही दोलायमानता वीस पाने टिकवायची असते. दैनंदिन मालिकेला ती आठवड्याच्या अनेक रात्री, महिनोन्‌महिने टिकवावी लागते. मतकरींच्या कथांवर आधारलेल्या 'गहिरे पाणी'ने वेगवेगळ्या कथा स्वतंत्रपणे मांडून हा प्रश्न टाळला. 'असंभव'ने (२००७–०९) पुनर्जन्माचे सूत्र घेऊन दोन काळ एकमेकांत गुंफले, आणि लांबीला निदान एक कारण मिळवून दिले. 'रात्रीस खेळ चाले'ला मात्र अडचणीचा सामना सरळ करावा लागला.

४

पहिल्या पर्वाची निवड संशयाची होती. अण्णा नाईक मेला आहे, आणि तरी तो घरात आहे असे घरच्यांना वाटते. हे 'वाटणे' खरे की खोटे याचा निर्णय मालिका पुढे ढकलत राहते. त्यासाठी योजलेले मुख्य पात्र म्हणजे नीलिमा, मुंबईहून आलेली विज्ञाननिष्ठ सून. ती प्रेक्षकाची प्रतिनिधी आहे. प्रत्येक घटनेला कारण असलेच पाहिजे हा तिचा आग्रह. 'वाडा चिरेबंदी'तली अंजलीही अशीच मुंबईहून आलेली, कोकणस्थ घरातली, वाड्याच्या रीतींकडे परकेपणाने पाहणारी सून आहे. वाड्याचा वेडेपणा दिसायला बाहेरून आलेला डोळा लागतो, ही गरज दोन्ही संहितांना सारखीच भासली आहे.

या पर्वाची मोठी मिळकत भाषेची. प्रल्हाद कुडतरकरांच्या संवादांनी मालवणी बोली भयाच्या दारात आणून उभी केली. लोकप्रिय रंगभूमीवर 'वस्त्रहरण'पासून (१९८०) मालवणी म्हणजे हशा हे समीकरण रूढ झाले होते. चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'कोंडुरा'सारख्या कादंबऱ्यांतून कोकणच्या काळोखाला साहित्यात आधीच प्रतिष्ठा दिली होती. पण घराघरांत रात्री साडेदहा वाजता ऐकू येणाऱ्या बोलीला ती मिळाली नव्हती. मालिकेत टोमणा, गाऱ्हाणे आणि शाप यांचे सूर एकाच बोलीतून, काही वेळा एकाच वाक्यातून उमटतात. भुतापेक्षा माणसांचे बोलणे अधिक धास्ती देते, आणि हे कथनाचे खरे यश आहे.

कुडतरकरांनीच साकारलेला पांडू हा विसराळू गडी या दृष्टीने विचारात घ्यावा असा आहे. प्रेक्षकांनी त्याला विनोदी पात्र म्हणून डोक्यावर घेतले. परंतु ज्या घरात कोणीच काही विसरायला तयार नाही, तिथे एका नोकराच्या वाट्याला विस्मरण यावे हे निव्वळ विनोदाचे काम वाटत नाही. मालकांच्या घरी राबणाऱ्याला पुष्कळ दिसलेले असते. ते विसरणे ही त्याच्या जगण्याची अट असते. मालिकेने हा धागा जाणून विणला असेल वा नसेल. संहितेत तो आहे.

मर्यादा दिसते ती लांबीच्या प्रश्नाशी. जाहिरातीपूर्वी दचकवायचे आणि जाहिरातीनंतर मांजर, वारा किंवा घरातलाच कोणी निघाला असे सांगायचे, या युक्तीची पुनरावृत्ती झाली की संशयाची जागा सवय घेते. ॲन रॅडक्लिफच्या अठराव्या शतकातील कादंबऱ्यांवर हाच आक्षेप होता. शेकडो पाने ताणलेल्या भयाला शेवटी साधे लौकिक कारण मिळाले की वाचकाला फसवल्यासारखे वाटते. पोलीस तपास, संशयित, हेतू ही रहस्यकथेची सामग्री पहिल्या पर्वात आली तेव्हा तीच नाराजी येथेही उद्भवणे अटळ होते. मात्र नाराजीचे कारण भूत खोटे ठरणे हे नसावे. भुताने उभा केलेला प्रश्न तपासात हरवला, हे ते कारण असावे. अण्णा आणि शेवंता यांची मुलगी सुषमा घराच्या उंबऱ्यावर आपला हक्क घेऊन येते. लोकपरंपरेच्या हिशेबात मालिकेतले खरे 'घरचे भूत' तीच : जिवंत, आणि तरीही घराने नाव नाकारलेली. अपराधी कोण हे ठरवण्याच्या घाईत तिचे मागणे दुय्यम झाले.

५

मालिका सुरू झाली तेव्हा तिला दुहेरी विरोध झाला. कोकणाची बदनामी होते हा एक आक्षेप, आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपामागची वेदना समजून घेतली पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संमत झाला. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यही १९८२ पासून याच शहरातून उभे राहिले. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला, बहुधा बाईला, साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीतला पहिलाच गुन्हा आहे. ज्या राज्यात एवढी किंमत मोजून हा कायदा झाला, तिथे तीन वर्षांच्या आत एक वाहिनी रोज रात्री भूत दाखवते, हे कार्यकर्त्यांना सलणे स्वाभाविक होते.

तथापि, कायद्याचा रोख कृतीवर आहे, कल्पितावर नाही. हा विवेक समीक्षेनेही पाळला पाहिजे. भूतकथा वाचून कोणी भुतावर विश्वास ठेवू लागतो की नाही, हे समाजशास्त्राने तपासावे. समीक्षेला दुसरे विचारता येते. कथा आपल्या भुतामागचा अन्याय दाखवते, की भुताला दोष देऊन माणसाला मोकळे सोडते? अन्याय दाखवणारी भूतकथा, भूत मानत असूनही, विवेकाला फारशी परकी नाही. उलट भूत खोटे ठरवूनही ज्या कथेत शोषणाचा प्रश्न पुसला जातो, ती कथा पुरोगामी कशी म्हणावी? आक्षेप घेणारे आणि बचाव करणारे दोघेही 'आहे की नाही' या एकाच वर्तुळात फिरत राहिले, आणि भुताला 'तुला काय पाहिजे' असे विचारायचे राहून गेले.

६

तीन वर्षांनी आलेले दुसरे पर्व ही मालिकेची सर्वांत धाडसी निवड होय. कथा पुढे नेण्याऐवजी ती मागे गेली. पहिल्या पर्वात जो तसबिरीत आणि घरच्यांच्या धास्तीत होता, तो अण्णा येथे हाडामांसाचा आहे : घरावर आणि गावावर वचक ठेवणारा, जमिनीचा आणि बायकांचा हावरा, घरात बायकोला कस्पटासमान लेखणारा. मालिकेने भूत बाजूला ठेवून भुताचा इतिहास सांगायला घेतला. 'हे झपाटलेपण आले कोठून?' या प्रश्नाला कौल, मांत्रिक किंवा मानसोपचार यांनी दिलेले उत्तर नाकारून तिने जमीनदारीचे आणि पुरुषसत्तेचे उत्तर दिले. अण्णाने ज्यांचा जीव घेतला तेच त्याला दिसू लागतात, तेव्हा बाकी पुन्हा खात्यावर येते. लोकपरंपरेतले देण्या-घेण्याचे सूत्र मालिकेला येथे गवसले. कथनदृष्ट्या हे पर्व तिन्हींत श्रेष्ठ आहे.

ते पूर्णत्वाला गेले असे मात्र म्हणता येत नाही. मालिका रोजची असते, आणि रोज ज्याचा चेहरा पाहायचा तो माणूस कितीही क्रूर असला तरी प्रेक्षकाच्या सवयीचा, पुढे आवडीचा होतो. माधव अभ्यंकरांच्या प्रभावी अभिनयाने अण्णाचा दरारा जिवंत केला; त्या दराऱ्याला समांतर अशी नैतिक दृष्टी संहितेने पुरवायला हवी होती. ती न पुरवल्याने अण्णा हा भयाचा विषय न राहता कौतुकाचा विषय बनला. अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेल्या शेवंतेचे तेच झाले. ती एका व्यवस्थेने वापरलेली बाई आहे आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा असलेली बाईही आहे. या दोहोंतला ताण हे तिचे शोकात्म बळ. परंतु कॅमेरा तिच्याकडे अण्णाच्याच नजरेने पाहतो. त्यामुळे प्रेक्षक साक्षीदार होण्याऐवजी अण्णाच्या पंगतीला जाऊन बसतो. घरात ओढलेल्या आयुष्याची खरी साक्षीदार माई होती. तिच्या बाजूने हे पर्व सांगितले गेले असते तर पूर्वकथेचा नैतिक भार वेगळा झाला असता.

तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता उघडपणे भूत म्हणून वावरू लागली. आता संशय उरला नाही आणि इतिहासही सांगून झाला होता. उरले ते लोकप्रिय पात्रांचे पुनरागमन. तोदोरोवच्या परिभाषेत सांगायचे तर कथा दोलायमानतेतून निघून निखळ अद्भुतात गेली. त्यात गैर काही नाही. धारपांनी तेथे उत्तम कथा लिहिल्या आहेत. पण धारपांच्या अद्भुताला शेवट असतो. या पर्वात भूत शांत झाले तर मालिका संपते, आणि मालिका चालायची तर भूत अशांतच राहिले पाहिजे. ज्याचे मागणे पुरे करणे निर्मात्याला परवडत नाही, असे हे भूत आहे. पहिल्या पर्वातील सुषमेच्या हक्कापासून सुरू झालेला हिशेब अशा रीतीने कायमचा थकीत राहिला.

७

आता धरणगावच्या वाड्याकडे परत येऊ. एलकुंचवारांच्या नाटकात भूत नाही. तरी झपाटलेपण आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, ज्याने चंदूच्या पायाला जखम केली आहे आणि जी जखम बरी होत नाही. मुलगा गेला हे मनाने न स्वीकारलेली वृद्ध दादी आहे. आणि रात्री भास्कर वहिनीच्या अंगावर घराण्याचे सगळे दागिने चढवतो तो प्रसंग आहे. क्षणभर जुने वैभव एका थकलेल्या बाईच्या देहात संचारल्यासारखे उभे राहते. गॉथिक परंपरेतला हा मराठीतला एक अव्वल प्रसंग म्हणावा लागेल; आणि त्यात अतिमानवी असे काही नाही. पुढे तेच सोने घेऊन रंजू शिक्षकाबरोबर पळून जाते, तेव्हा वाड्याचे संचित एका रात्रीत नाहीसे होते. समंधाने राखलेला ठेवा असाच जातो.

एलकुंचवारांना हे जमले याचे एक कारण असे की त्यांनी शेवट स्वीकारला. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगमंचावर आणलेल्या त्रिनाट्यधारेत 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही पुढची दोन नाटके वाड्याला त्याच्या अंतापर्यंत नेतात. तिथे वाडा पडू दिला जातो. तीन भाग दोघांनाही मिळाले. पण नाटककाराच्या तीन भागांत काळ पुढे सरकतो आणि देणे फेडले जाते, मग ती फेड विनाशाच्या रूपाने का होईना. मालिकेच्या तीन भागांत काळ मागे जातो, पुढे येतो, आणि वाडा आहे तसाच उभा राहतो, कारण तो पडला तर चित्रीकरण कोठे करायचे?

हा केवळ माध्यमाचा दोष मानून थांबता येणार नाही. दुसऱ्या पर्वाने दाखवून दिले की दैनंदिन मालिकेतही भुताला इतिहास देता येतो, घराच्या पायातले अन्याय उकरता येतात, आणि बोलीला तिची गंभीर पत परत मिळवून देता येते. तेवढे साधल्यावर पुढची पायरी उघड होती : ज्यांचे देणे आहे त्यांना कथेत बोलू देणे. सुषमा, शेवंता, माई, आणि सगळे पाहून विसरणारा पांडू. या चौघांपैकी कोणाच्याही तोंडून नाईकांच्या घराची कथा ऐकली असती तर भय कमी झाले नसते. कदाचित ते प्रेक्षकाच्या स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोहोचले असते. घरच्या भुताची व्याख्या शेवटी एवढीच आहे की ते आपले असते. त्याला काय पाहिजे हे विचारण्याचे धैर्य ज्या दिवशी मराठी भयमालिका दाखवील, त्या दिवशी समीक्षेलाही तिच्याकडे करमणूक म्हणून पाहून चालणार नाही.